सातही आश्चर्यं केली

एकदा एक शिष्य जगातली सातही आश्चर्यं करून आला.

'करून आला' हे शब्द माझे नाहीत, त्याचे आहेत. खरं सांगायचं तर आपल्या सगळ्यांचेच आहेत. आपण हल्ली काही बघत नाही, आपण करतो. काश्मीर केलं, केरळ केलं, दुबई केली. दिवाळीत राजस्थान राहून गेलं होतं, ते मे महिन्यात करून टाकलं. परवा एका लग्नाच्या पंगतीत एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "आमचा गेल्याच महिन्यात नायगारा झाला." मला क्षणभर वाटलं, यांच्याकडे बारसं आहे आणि मला बोलावलं नाही. अशा मंडळींना काही सांगायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी सांगतो, कारण गोष्ट पाण्याचीच आहे.

त्या शिष्याचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यापैकी निम्म्यांना तो आपला मेहुणा वाटेल आणि उरलेल्यांना वाटेल, मी त्यांच्यावरच लिहिलंय.

तर एका डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचं एक गाव होतं, आणि तिथे एक वृद्ध शिल्पाचार्य राहत असत. त्यांच्या हातच्या मूर्ती दूरदूरच्या देवळांत होत्या. मूर्तींच्या चेहऱ्यावर अपार शांती असे. आचार्यांच्या चेहऱ्यावर ती कधी कोणी पाहिली नव्हती. शिष्याच्या हातून चुकीचा घाव पडला तर ते शिष्याला काही बोलत नसत. दगडावर हात ठेवून दगडालाच म्हणत, "माफ कर रे बाबा, तुझ्या नशिबी हा आला." अशा गुरूपाशी कितीजण टिकणार? बहुतेक शिष्य शहरात स्वयंपाकघरांचे ओटे बसवायला निघून गेले. हा एकटाच राहिला. हात तयार होता त्याचा, त्याबद्दल आचार्यांचीही तक्रार नव्हती. बाकी सगळ्याबद्दल होती.

आचार्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली दृष्टी परत यायची नाही आणि उरलेली फार दिवस टिकायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि नेमकं एक काम राहून गेलं होतं.

गावाला पाणी होतं ते डोंगरातल्या एका झऱ्याचं. कातळाच्या भेगेतून तो निघायचा आणि घरंगळत खाली एका खोल कुंडात पडायचा. त्या कुंडाच्या पायऱ्यांवर बारा महिने शेवाळ. बायका भरलेली घागर कमरेवर घेऊन तिथून वर येत, आणि दर वर्षी कोणी ना कोणी घसरे. मागच्या वर्षी भिवराआत्या पडली. उजवा हात मनगटात मोडला आणि वाकडाच बसला. तेव्हापासून आचार्यांनी ध्यास घेतला होता, की झऱ्यापासून कातळाच्या अंगाअंगाने एक पन्हळ कोरत आणायची, रस्त्यालगतच्या सपाट ओट्यापर्यंत. तिथे दगडी गोमुखातून पाणी पडेल आणि बायकांना कुंडात उतरावंच लागणार नाही. गोमुख त्यांनी डोळे शाबूत असतानाच घडवून ठेवलं होतं. ते अंगणात लिंबाखाली पडून होतं आणि त्याच्यावर कोंबड्या बसत होत्या. उरली होती पन्हळ.

पन्हळ कोरणं सोपं वाटतं, पण सगळी गंमत उतारात असते. उतार जास्त झाला तर पाणी वळणावर उसळून बाहेर जातं. कमी झाला तर साचतं, गाळ बसतो, शेवाळ धरतं. शिवाय हे काम फक्त उन्हाळ्याच्या शेवटी करता येतं, झरा अगदी करंगळीएवढा झालेला असतो तेव्हा. तेवढा चिखलाने थोपवून कातळ कोरडा करता येतो. एकदा पाऊस लागला की सगळा कडाच पाझरू लागतो, मग वर्षभर नाव घ्यायला नको. आणि पुढच्या वर्षापर्यंत आचार्यांना काही दिसणार होतं की नाही, देव जाणे. आपल्या डोळ्यांनी ते पाणी पडताना बघावं, एवढीच त्या म्हाताऱ्याची इच्छा उरली होती.

अशा ऐन चैत्रात शेठ आले.

शेठ म्हणजे तालुक्याचे मोठे धान्याचे व्यापारी. माणूस दिलदार, फक्त त्यांना फिरण्याचं वेड होतं. जगातली सात आश्चर्यं करायची त्यांनी मनावर घेतली होती. कुठली सात, हेही त्यांनीच ठरवलं होतं: पिरॅमिड, चीनची भिंत, पेट्रा, माचूपिचू, नायगारा, ग्रँड कॅन्यन आणि ताजमहाल. माणसाचं आणि निसर्गाचं सगळं एकाच भांड्यात, मिसळीवर रस्सा ओततात तसं. पत्नीचे गुडघे ऐन वेळी धरले, जागा रिकामी राहिली, आणि शेठांना हा शिष्य आठवला. परवाने वगैरे इतक्या लवकर कसे मिळाले, हे दृष्टांतात विचारायचं नसतं.

"आचार्य, पोराला जग दाखवतो," शेठ म्हणाले. "त्याच्याच धंद्याचं आहे सगळं. दगडच दगड."

"नायगारा दगडाचा नाही."

"बघा, म्हणजे पाणीपण झालं!"

आचार्यांनी शिष्याकडे बघितलं. त्यांना तो धुरकट दिसत होता, पण त्याचा जीव तिकडे लागला आहे हे कळायला डोळे लागत नव्हते. अडवलं असतं तर त्याने पन्हळ कोरली असती, नाही असं नाही. रागाने कोरली असती, आणि रागाने कोरलेल्या पन्हळीतून पाणी कसं जातं, ते आचार्यांनी उभ्या आयुष्यात पुष्कळदा बघितलं होतं.

"जा," ते म्हणाले. "वैशाखात परत ये म्हणजे झालं. पण फुकट जाऊ नकोस, माझं एक काम घेऊन जा. त्या पेट्र्याला एका अरुंद घळीतून चालत जावं लागतं. मी वाचलंय, त्या घळीच्या कडेने, कातळातच, साधारण कमरेच्या उंचीवर त्या लोकांनी पाण्याची पन्हळ कोरलेली आहे. वाळवंटात त्यांनी तसं पाणी नेलं. दोन हजार वर्षांपूर्वी. त्यांचा दगड मऊ, आपला काळा कठीण, पण पाणी दोन्हीकडे सारखंच. तिथली वाट उतरत जाते, पन्हळही उतरत जाते. कोण जास्त उतरतं, ते चालता चालता बघ. पन्हळ कुठे तुझ्या कमरेशी येते, कुठे छातीशी जाते, वळणावर तिची कड उंच ठेवलीय का, तेवढं मला येऊन सांग. मला जाता येणार नाही. गेलो तरी दिसणार नाही. तेव्हा तू माझे डोळे."

"हो आचार्य."

"आणि एक लक्षात ठेव. वेरूळचा कैलास पुरा झाला तेव्हा ज्याने तो घडवला, तो स्वतःच थक्क होऊन म्हणाला म्हणे, 'हे माझ्याकडून कसं झालं?' करणाऱ्याची ही अवस्था, तर बघणाऱ्याने किती..."

शिष्य नव्या बॅगेची चाकं फिरवून बघत होता. लाल बॅग, चार चाकांची, कुठेही ढकला, घरंगळत जाते. आचार्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

वैशाख अर्धा सरल्यावर दोघे परत आले. शिष्य अंगणात येऊन पाया पडला. पाठोपाठ शेठ आले, चॉकलेटांची पिशवी घेऊन. कातळ तापून कोरडा पडला होता, झरा करंगळीवर आला होता. आचार्य कितीतरी दिवस याच घडीची वाट बघत होते. पण त्यांनी घाई केली नाही. पाणी प्यायला दिलं, बसायला घोंगडी दिली, आणि मग विचारलं,

"काय बघितलंस?"

"सगळं! सातही केली."

"पिरॅमिड?"

"केले. ऊन फार होतं."

"जुन्या काळची जी सात आश्चर्यं सांगतात, त्यातलं ते एकच उरलंय. दीपस्तंभ पडला, झुलत्या बागांचा पत्ता नाही. ते एवढं कसं टिकलं, काही लक्षात आलं?"

"मोठं आहे ना ते. खूपच मोठं."

"चीनची भिंत?"

"लांब आहे."

"हे मला इथे बसून ठाऊक होतं. ग्रँड कॅन्यन?"

"खोल आहे."

"अरे, एक नदी लाखो वर्षं तो दगड कापत बसली, आणि तू एका शब्दात मोकळा झालास? नायगारा?"

"झाला. भिजलो."

"माचूपिचू?"

"तिथे मला दम लागला होता, पण केलं. ताजमहाल येताना केला, नाहीतरी दिल्लीला विमान बदलायचंच होतं."

आचार्यांनी कपाळावर हात मारला नाही. अजून पेट्रा बाकी होतं. त्यांनी घोंगडीवर जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून विचारलं, "आणि पेट्रा?"

"एकदम भारी, आचार्य! घळ संपते आणि समोर एकदम तो कोरलेला महाल. शब्दच नाहीत."

"शब्द राहू दे. पन्हळ कशी होती?"

"कुठली पन्हळ?" शिष्य म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला आठवलं. त्याचा चेहरा उतरला. तो चाचरत सांगू लागला, की गाईड घाई करत होता, दुपारी जेवायला परत यायचं होतं, गर्दी होती, सगळेजण पुढे महाल, पुढे महाल करत होते. शेठ त्याच्या मदतीला धावले. "आचार्य, तुम्हाला खोटं वाटेल, पण आम्हाला तिथे जेवणात श्रीखंड दिलं. पेट्र्यात श्रीखंड! पुरी पण गरम."

आचार्य उठले, चाचपडत लिंबाखाली गेले, गोमुखावरची कोंबडी हाकलली आणि त्या दगडी कपाळावर हात ठेवून म्हणाले, "ऐकलंस? श्रीखंड होतं."

तुम्हाला राग आला ना शिष्याचा? मलाही आला. पण गावाला मुळीच आला नाही. गावाला वाटला अभिमान. सात आश्चर्यं केलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. शेठांनी शाळेच्या मैदानावर सत्काराचा घाट घातला. मांडव आला, कर्णे आले, 'सप्ताश्चर्यवीर' असा फलक रंगवून आला. शिष्याच्या हातात त्या दिवसांत टाकी आणि हातोडा यायला हवा होता, तिथे भाषणाचा कागद आला. वैशाखातले एकेक दिवस असे मांडवात चालले होते, आणि तिकडे बायका शेवाळातून उतरत होत्या.

भिवराआत्या एकदा शिष्याला कुंडाच्या वाटेवर भेटली. वाकडा हात पदराखाली, डाव्या कमरेवर घागर.

"आलास का रं जगाच्या टोकावून?" तिने विचारलं.

"आलो, आत्या. सातही केली."

"लई झाक. तिथल्या बाया पानी कशा भरत्यात?"

शिष्य चपलेने वाटेवरचा खडा उडवू लागला. आत्याने थोडा वेळ वाट बघितली, आणि मग "बरं, असू दे," म्हणून ती पायऱ्या उतरू लागली. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून.

सत्काराला अध्यक्ष म्हणून आचार्यच असणार, हे ओघानेच आलं. ते येतील अशी कोणाला खात्री नव्हती, पण आले. मंचावर मधोमध शिष्य बसला होता, आणि त्याच्या शेजारी एका टेबलावर, शेठांच्या आग्रहाखातर, ती लाल बॅग ठेवली होती. तिला सगळ्या विमानतळांच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या होत्या. शाळेची मुलं येऊन ती वाचून जात होती.

शेठांचं भाषण झालं. मग आचार्यांच्या हातात शाल देण्यात आली. ते उठले आणि हात पुढे करून सावकाश निघाले. पण शिष्याकडे न जाता ते टेबलाकडे वळले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही. खालून आवाज येऊ लागले, "आचार्य, इकडं, इकडं! तो उजव्या हाताला हाय!"

"तो कुठे आहे ते मला माहीत आहे," आचार्य म्हणाले.

त्यांनी शाल उलगडली आणि बॅगेवर पांघरली. नीट, दोन्ही टोकं सारखी करून. मग हार मागितला, तो बॅगेच्या मुठीला घातला. नारळ वर ठेवला. तो घरंगळायला लागला तेव्हा जरा दाबून बसवला आणि बॅगेला हात जोडले.

मैदानात कोणी हसलं, कोणी हसणाऱ्याला गप्प केलं. शिष्य लाल झाला. शेठ धावत आले आणि कानाशी म्हणाले, "आचार्य, काहीतरी घोटाळा होतोय."

"घोटाळा झालाच आहे, तोच निस्तरतोय," आचार्य म्हणाले आणि माइकसमोर उभे राहिले.

"मंडळी, सात आश्चर्यांना जाऊन आल्याबद्दल सत्कार आहे, असं मला सांगितलं. मग पहिला मान हिचा. हीसुद्धा सगळ्या देशांना जाऊन आली. पोरापेक्षा बरी गेली. ऊन लागलं म्हणाली नाही, दम लागला म्हणाली नाही. नेलं तिथे गेली, ठेवलं तिथे राहिली, आणलं तेव्हा आली. कुठे काय होतं, ते हिला सांगता येत नाही. त्यालाही येत नाही. फरक एवढाच, की मी हिला काही विचारून पाठवलं नव्हतं."

त्यांचा आवाज आता चढला.

"आणि 'केलं' हा शब्द आमच्या आळीत जरा जपून वापरतात. आमच्याकडे ज्याने केलं, त्याच्या तळहाताला घट्टे असतात. पिरॅमिड करणारे करून गेले, त्यांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत. कॅन्यन तर नदीने केलं. तुम्ही बघून आलात तर 'बघितलं' म्हणा. नीट बघितलंही नसेल तर नुसतं 'जाऊन आलो' म्हणा. आपली भाषा काही इतकी गरीब नाही, की तिथेही 'केलं' म्हणावं लागावं! मी म्हातारा आहे, आंधळा होत चाललोय, मला राग लवकर येतो. पण तुम्हा डोळसांना तो का येत नाही, हे मला कळत नाही."

एवढं बोलून ते मंचावरून उतरले आणि एकटेच घरी निघाले. लोक वाट सोडून बाजूला झाले.

शिष्य तसाच तडक आपल्या खोलीवर गेला. कडी लावली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आयुष्यभर ज्यांची सेवा केली, त्यांनी चारचौघांत बॅगेच्या पंक्तीला बसवलं! काय बघितलं नाही म्हणतात? पुरावा आहे माझ्याकडे. त्याने फोन उघडला आणि पेट्र्याचे फोटो समोर घेतले. उजेड अजून होता, खिडकीपाशी बसून तो एकेक बघू लागला.

फोटो शेठांनी काढलेले. महालासमोर शिष्य. उंटाशेजारी शिष्य. टोपी घातलेला, टोपी काढलेला. मग घळीतले. पहिल्यात तो दोन बोटं वर करून उभा. दुसऱ्यात शेठांकडे बघून हसणारा. तिसऱ्यात तो कातळाला रेलून, डावं कोपर कशावर तरी टेकवून, ऐटीत उभा होता. कशावर?

त्याने फोटो मोठा केला. कोपराच्या खालून एक आडवी खाच निघाली होती, हाताने कोरलेली, कड गुळगुळीत झालेली, आणि ती कातळाच्या अंगाने मागे मागे जात वळणापाशी दिसेनाशी झाली होती. ज्या पन्हळीसाठी आचार्यांनी त्याला आपले डोळे म्हणून धाडलं होतं, तिच्यावरच कोपर टेकवून तो हसत उभा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याने तर वळसा घालून जाऊन पुन्हा कळशावरच कोपर टेकवलं होतं. त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. कोपराला काही जाणवलं होतं का? काहीच आठवेना. श्रीखंडाची चव तेवढी स्वच्छ आठवत होती.

त्याला रडू आलं. रागाचं नव्हे, लाजेचं.

सकाळी तो आचार्यांच्या अंगणात आला तेव्हा ते गोमुखाशेजारी बसले होते. त्याने फोटोची हकिकत सांगितली, एक शब्दही न लपवता.

"दगड गार होता का?" आचार्यांनी विचारलं.

"आठवत नाही."

"कड धारदार होती की बोथट?"

"आठवत नाही, आचार्य. हात तिच्यावर होता, पण मी तिथे नव्हतो."

"आल्यापासून हे पहिलं धड उत्तर दिलंस," ते म्हणाले. "आता पेट्र्याला परत जायला वेळ नाही. उतार इथल्या दगडालाच विचारावा लागेल. ऊठ."

पाऊस यायला फार दिवस उरले नव्हते. शिष्याने झरा चिखलाने थोपवला, कातळावर खडूने रेघ मारली आणि टाकी लावली. काळा पाषाण हसत हसत कोणाला जागा देत नाही. ठिणग्या उडत, टाकी बोथट होई, ती पाजवून पुन्हा बसावं लागे. आचार्य शेजारी कातळाला पाठ लावून बसत आणि अखंड कुरकुरत. घाव ऐकूनच त्यांना कळे. "हा लटका पडला. हा आळसाचा. हा सत्काराचा."

वळणापर्यंत पन्हळ आली तेव्हा शिष्याला धीर धरवेना. चिखलाचा बांध थोडा फोडून त्याने पाणी सोडून बघितलं. पाणी खळखळत आलं, वळणावर उसळलं आणि सरळ बाहेर, खाली वाटेने चाललेल्या भिवराआत्याच्या अंगावर.

"आरं मुडद्या!" आत्या ओरडली. "पानी घागरीत घाल म्हनलं, माझ्यावर न्हाई!"

शिष्य ओशाळला. आचार्यांना मात्र हसू आलं नाही. "खळखळ ऐकलीस?" ते म्हणाले. "उतार जास्त झालाय. पाण्याने पन्हळीतून गुपचूप यावं. बोललं की चुकलं." त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, कारण पश्चिमेकडे ढग दिसतात असं कोणी तरी म्हणालं होतं.

शिष्याने वळणाच्या अलीकडचा सगळा तळ पुन्हा धरला. वळणापाशी तळ आता भरून काढता येणार नव्हता, म्हणून वरचाच तळ झऱ्याकडे अधिकाधिक खोल करत न्यावा लागला. वळणाची बाहेरची कड त्याने उंच ठेवली. हे त्याला कोणी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तो फोटोतली ती मागे जाणारी खाच बघे, आणि वळणापाशी ती जरा जाड दिसते, एवढं त्याच्या ध्यानात आलं होतं. तळहाताचे फोड फुटले, त्यांवर घट्टे आले. ओंजळभर पाणी सोडायचं, ते कुठे थबकतं ते बघायचं, तिथे टाकी लावायची. पुन्हा ओंजळभर पाणी. सात आश्चर्यं फिरताना त्याने इतका वेळ कशाकडेही बघितलं नव्हतं.

शेठही एकदोनदा येऊन गेले. प्रथम घाईत, गाडीचं दार उघडंच ठेवून. नंतर एकदा येऊन बसलेच, दुपार टळेपर्यंत. "आचार्य," जाताना ते जरा चाचरत म्हणाले, "त्या घळीतून मीही गेलो होतो. मलाही नाही दिसली ती."

"तुम्हाला मी कुठे काही सांगितलं होतं?" आचार्य म्हणाले. ही त्यांच्या परीने क्षमाच होती.

गोमुख बसवलं त्या सकाळी आकाश भरून आलं होतं. आसपासची माणसं ओट्यापाशी जमली. शिष्य वर झऱ्याशी गेला आणि चिखलाचा बांध काढून तो पाण्याबरोबर पन्हळीच्या कडेने चालत खाली येऊ लागला. पाणी त्याच्या पुढे नव्हतं, मागे नव्हतं. वळणावर ते जरासं वर चढलं, कडेला टेकलं आणि वळलं. कुठे आवाज नाही. लोकांना वाटलं, अडलं कुठे तरी. आचार्य मान कलती करून ऐकत होते आणि काही ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडत चालला होता.

मग गोमुखातून पाण्याची धार पडली.

भिवराआत्याने डाव्या हाताने घागर खाली सरकवली. ती उभीच होती. वाकावं लागलं नाही, उतरावं लागलं नाही. घागर भरताना तिचा आवाज बदलत गेला, आणि आत्या त्या धारेकडे बघत राहिली. आचार्यांनी अगदी जवळ जाऊन, नाक पाण्याला लागेल इतकं जवळ जाऊन ती धार बघितली. त्यांना किती दिसलं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांची दाढी भिजली.

"वा!" शेठ मागून म्हणाले. "पोरा, केलीस बरं का पन्हळ!"

शिष्याने ते ऐकलंच नाही. तो ओट्यावर उभा राहून वर बघत होता. कातळ, वळण, ती कड, त्यातून येणारं पाणी. मग आपल्या दोन्ही तळहातांकडे. मग पुन्हा वर.

"आचार्य," तो हळूच म्हणाला, "हे कसं झालं?"

आचार्य चटकन वळले. "काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"म्हणजे टाकी मीच लावली, ते आठवतंय. पण हे... हे माझ्याकडून कसं झालं?"

आचार्यांनी त्याचा हात चाचपून आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याने तळव्यावरचे घट्टे एकेक करून दाबून बघितले.

"एक झालं," ते म्हणाले. "राहिली सहा."